शिक्क्याविना कारभार : बायजाबाई शिंदे आणि उज्जैन

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून १८१० पर्यंत उज्जैन हे शिंदे घराण्याचे मुख्य ठाणे होते, आणि तरीही मराठी वाचकाच्या मनात या नगरीची ओळख कालिदास, विक्रमादित्य आणि महाकालेश्वर यांच्यापुरतीच राहिली आहे. मराठ्यांचा उल्लेख झालाच तर तो देवळांच्या जीर्णोद्धारापाशी थांबतो. वस्तुतः शिंद्यांच्या इतिहासात उज्जैनचे नाते विजयांपेक्षा विजयांच्या मागून आलेल्या पडझडीशी अधिक आहे; रणांगणावर, दरबारात किंवा खुद्द घरात जे हरले, त्यांना पुन्हा पाय रोवण्यासाठी क्षिप्रेकाठची ही जागा वारंवार उपयोगी पडली. या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण पुरुषाचे नाही. ग्वाल्हेरच्या गादीचा कारभार सहा वर्षे सांभाळून १८३३ मध्ये पदच्युत झालेल्या आणि चौदा वर्षांच्या भटकंतीनंतर उज्जैनला येऊन राहिलेल्या बायजाबाई शिंदे यांचे ते उदाहरण आहे.

नगरी मराठ्यांच्या हाती आली तेव्हा तीही सुस्थितीत नव्हती. तेराव्या शतकात अल्तमशच्या स्वारीत महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त झाले होते आणि आज दिसणारे मंदिर उभे राहिले ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या प्रयत्नाने. राणोजींना माळव्यात सरंजाम मिळाला होता. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्याच्या मोबदल्यात लावून दिलेला मुलखाचा महसूल. तो मालकी हक्क नव्हता, त्याला पुण्याच्या मान्यतेची गरज लागे आणि कर्ता पुरुष गेला की वारसाला तो नव्याने मिळवावा लागे. पुढच्या शंभर वर्षांत शिंद्यांच्या घरात जे तंटे उद्भवले त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

राणोजींच्या मुलांपैकी जयाप्पांचा १७५५ मध्ये नागोर येथे खून झाला, दत्ताजी १७६० च्या जानेवारीत बुराडीच्या घाटावर पडले, आणि पुढच्याच वर्षी १४ जानेवारीला पानिपतावर तुकोजी कामी आले व जयाप्पांचे तरुण चिरंजीव जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. उरले ते पायाला कायमची दुखापत घेऊन परतलेले महादजी, ज्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाने, रणधुमाळीतून बाहेर काढले आणि ज्याला महादजींनी पुढे आयुष्यभर भाऊ मानून सरदारकीला चढवले. दिल्लीत बादशहाला हाताशी धरणारे महादजी मराठी वाचकाला परिचित आहेत. पानिपतानंतरची सात वर्षे, ज्यांत हा लंगडा सरदार आपल्याच घराण्याच्या सरंजामासाठी पुण्याचे उंबरे झिजवत आणि भाऊबंदांशी झगडत होता, ती मात्र चरित्रांतून दोन-चार परिच्छेदांत उरकली जातात. १७६८ च्या सुमारास त्यांचा हक्क मान्य झाला. त्या सात वर्षांत अंगी बाणलेला धीर हीच महादजींच्या पुढील राजकारणाची शिदोरी होती, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले. त्यांना मुलगा नव्हता. गादीवर आले ते तुकोजींचे नातू दौलतराव, त्या वेळी वयाने अगदीच कोवळे. महादजींच्या विधवा आणि दौलतराव यांच्यात लवकरच वितुष्ट आले व १७९८ च्या सुमारास त्याचे रूपांतर उघड लढाईत झाले. मराठ्यांच्या इतिहासात हे प्रकरण शिंद्यांच्या बायांचे बंड म्हणून ओळखले जाते. या बायांच्या नेमणुका, म्हणजे निर्वाहासाठी लावून दिलेल्या रकमा, थकल्या, त्यांच्यावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली आणि अखेर त्या छावणीतून निघून जुन्या सरदारांच्या आश्रयाने मुलूखभर फिरत राहिल्या. या अत्याचारांत ज्यांचे नाव सर्वांत पुढे होते ते दौलतरावांचे कारभारी सखाराम उर्फ सर्जेराव घाटगे, कागलच्या देशमुख घराण्यातले, पैसा उकळण्यासाठी पुणे शहराला त्राही भगवान करून सोडणारे. त्यांचीच मुलगी बायजाबाई.

बायजाबाईंचा जन्म १७८४ मधला आणि दौलतरावांशी विवाह १७९८ मधला, म्हणजे ज्या वर्षी एका पिढीच्या शिंदे विधवा घराबाहेर पडत होत्या त्याच वर्षी पुढच्या पिढीची धनीण घरात येत होती. पस्तीस वर्षांनी तिच्याही वाट्याला जवळजवळ तेच आले. इतिहासात असा न्याय क्वचितच इतका नेमका जुळून येतो आणि जुळला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. परंतु बायजाबाईंच्या उत्तरायुष्याचे कौतुक करताना ही पूर्वपीठिका गाळून चालणार नाही. त्या अन्यायाच्या केवळ बळी नव्हत्या, अन्यायावर उभ्या राहिलेल्या घराच्या लाभार्थीही होत्या.

दरम्यान उज्जैनवर आघात झाला. १८०१ च्या जुलै महिन्यात यशवंतराव होळकरांनी नगरीजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणींचा, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवून तयार केलेल्या पायदळाचा, दारुण पराभव केला आणि शहराकडून जबर वसुली केली. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरमध्ये सर्जेराव घाटग्यांनी होळकरांचे इंदूर लुटले व जाळले. दोन्ही शहरांतील सावकार, विणकर आणि कुणबी यांनी या भाऊबंदकीची किंमत मोजली. पुढे १८०३ मध्ये असई व लासवारी येथे शिंद्यांच्या फौजा इंग्रजांपुढे हरल्या, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा तळ टाकला, ज्याला पुढे लष्कर हेच नाव पडले. उज्जैनचे राजधानीपण संपले. त्याआधी, १८०९ मध्ये, सर्जेराव घाटगे दौलतरावांच्याच छावणीत मारले गेले. त्या छावणीत इंग्रज वकिलातीबरोबर राहिलेल्या टॉमस ब्रॉटनच्या पत्रसंग्रहात या प्रसंगाची हकिकत आली आहे. बायजाबाईंच्या वयाची तेव्हा पंचवीस वर्षे पुरी होत होती, आणि बापाचा आधार गेल्यानंतर त्यांचे वजन दरबारात कमी न होता वाढत गेले, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते.

राजधानी गेली तरी उज्जैन ओस पडले नाही, याचे कारण क्षिप्रेइतकेच सराफ्यात होते. माळव्याची अफू या काळात गुजरातच्या व कोकणपट्टीच्या बंदरांतून चीनकडे जाऊ लागली होती, कंपनी सरकारने १८१८ नंतर हा व्यापार आपल्या मुठीत आणण्याची खटपट केली ती पुरती फसली, आणि उज्जैन ही या मालाची एक प्रमुख पेठ बनली. येथील पेढ्या हुंडीवर चालत. हुंडी म्हणजे एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या सावकारावर लिहिलेली रक्कम देण्याची चिठ्ठी, जिच्यामुळे थैल्या न हलवता पैसा बनारसहून पुण्याला पोचे. आणि तिचे मोल सही करणाऱ्याच्या पतीएवढेच असे. बायजाबाईंनी या व्यवहारात स्वतः लक्ष घातले होते. देवाणघेवाण, व्याजबट्टा आणि पेढ्यांमधील हिस्सेदारी यांत गढून जाणारी राणी इंग्रज अधिकाऱ्यांना चमत्कारिक वाटे, आणि त्यांच्या अहवालांतून तिचा उल्लेख बहुधा लोभी म्हणून येतो. हाच व्यवहार एखाद्या लंडनच्या उमरावाने केला असता तर त्याला काटकसरी म्हटले गेले असते.

दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी निपुत्रिक वारले. त्याच वर्षी भाऊबंदांतील अकरा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजीराव ठेवण्यात आले व कारभार बायजाबाईंकडे आला. येथे एक पेच होता, जो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. दत्तक पुत्र सज्ञान झाला की विधवेचे पालकत्व आपोआप संपते, असे एक मत. आणि मृत पतीने सत्ता आपल्याला हयातभर सोपवली आहे, हा बायजाबाईंचा दावा. कंपनी सरकारने दोहोंपैकी एकही बाजू स्पष्टपणे घेतली नाही; मात्र पत्रव्यवहारावर बाईंचा नव्हे तर जनकोजीरावांचा शिक्का उठला पाहिजे, असा आग्रह धरला. शिक्का म्हणजे राजमुद्रा, जिच्या उमटण्यानेच कागदाला हुकमाचे बळ येई. बायजाबाईंनी त्या मुलाला शिकवणीपासून आणि सत्तेपासून जमेल तितके दूर ठेवले, त्याचा पाणउतारा केला, आणि तो मोठा होत गेला तसा वाड्यात दोन तट पडले. अखेर १८३३ च्या जुलैमध्ये पलटणी जनकोजीरावांच्या बाजूला गेल्या आणि बाईंना ग्वाल्हेर सोडून धोलपूरमार्गे आग्र्याकडे निघावे लागले. वय एकोणपन्नास.

यानंतरच्या वर्षांचे जवळून घेतलेले चित्र सुदैवाने उपलब्ध आहे. कंपनीच्या एका नोकराची पत्नी फॅनी पार्क्स ही हौशी प्रवासिनी १८३५ मध्ये फतेहगडच्या छावणीत बायजाबाईंना प्रथम भेटली, पुढे अलाहाबादेसही त्यांच्याकडे जात-येत राहिली, आणि १८५० मध्ये लंडनला दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिने या भेटी सविस्तर लिहून ठेवल्या. तिला दिसल्या त्या पिकल्या केसांच्या, किंचित स्थूल, लहान हातापायांच्या, गोड हसणाऱ्या एक बाई. अंगावर साधे तांबडे रेशमी वस्त्र, दागिना म्हणावा तर दोन बारीक सोन्याच्या बांगड्या, शेजारी नात गजराजा आणि गादीवर पायांपाशी ठेवलेली शिंद्यांची तलवार. मुलूख नाही, शिक्का नाही, किल्ला नाही. पण मुजरे होत होते, नजराणे दिले-घेतले जात होते, कोण कोठे बसणार हे ठरलेले होते. तंबूतल्या दरबाराला हसणे सोपे आहे. मात्र जी माणसे पगाराच्या भरवशावर नव्हे तर निष्ठेवर मागे आली होती, त्यांना रोजच्या रोज आपण अजूनही कोणाची तरी माणसे आहोत याची खात्री पटवणे, हे त्या शिष्टाचाराचे काम होते.

छावणीतील बायका घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून, मांड ठोकून बसत. इंग्रज स्त्रियांसाठी असलेल्या, दोन्ही पाय एकाच बाजूस सोडून बसण्याच्या खोगिराची त्यांनी मनसोक्त थट्टा केली, तेव्हा फॅनीने मराठी वेश चढवून त्यांच्या पद्धतीने घोडा फिरवला व तीच बैठक सोयीची असल्याचे कबूल केले. गप्पा याच्याही पुढे गेल्या. विवाहित इंग्रज स्त्रीला तिच्या देशाच्या कायद्यात स्वतःची मालमत्ता जवळजवळ नसतेच, हे फॅनीने बाईंना सांगितले, आणि हिंदू विधवेच्या वाट्याला येणाऱ्या बंधनांशी त्याची तुलना झाली. स्वतःच्या नावाने पेढ्या चालवणाऱ्या बायजाबाईंना ही माहिती कशी वाटली असेल याची कल्पना करता येते.

या काळातील सर्वांत मोठा घाव राजकीय नव्हता. मुलगी चिमणाबाई ग्वाल्हेरहून निघतानाच्या दगदगीने व काळजीने तापाला बळी पडल्याचे फॅनीने नोंदवले आहे; नातीला वाढवण्याचे काम आजीवर आले. बनारसलाही दैव फिरले. सत्ता असताना, १८२८ मध्ये, बायजाबाईंनी तेथे ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप बांधवला होता, जो टिकला. परंतु गंगेच्या काठी उभारायला घेतलेला प्रचंड घाट, आजचा सिंदिया घाट, स्वतःच्याच भाराने खचला. राज्य गेल्यावर तो सावरणे शक्य झाले नाही. कंपनीने त्यांना उत्तर हिंदुस्थानातून हलवून दक्षिणेत पाठवण्याचा आग्रह धरला, त्या अनेक वर्षे अडून राहिल्या, आणि अखेर नाशिकला गेल्या. त्यांचे बंधू हिंदुराव घाटगे मात्र दिल्लीतच स्थायिक झाले. टेकडीवरचा त्यांचा वाडा १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचे मोर्च्याचे ठिकाण झाला आणि आज त्यांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, जेथे येणाऱ्या रुग्णांपैकी फारच थोड्यांना हे नाव कागलच्या एका मराठ्याचे आहे याची कल्पना असते.

जनकोजीराव १८४३ च्या फेब्रुवारीत वारले. पुन्हा एक विधवा, ताराबाई, पुन्हा एक दत्तक, जयाजीराव, आणि पुन्हा कारभारावरून तंटा. वर्षाअखेर २९ डिसेंबरला महाराजपूर व पनिहार येथे इंग्रजांशी एकाच दिवशी दोन लढाया होऊन ग्वाल्हेरची फौज मोडली. बायजाबाई या सगळ्यापासून दूर होत्या, आणि आता त्यांच्यापासून कोणाला भय उरले नव्हते. १८४७ मध्ये त्या उज्जैनला आल्या आणि १८५६ पर्यंत तेथे राहिल्या.

या नऊ वर्षांना चरित्रकार निवृत्तीचा काळ म्हणतात. हे वर्णन अपुरे आहे. ग्वाल्हेरला बायजाबाईंची सत्ता शिक्क्यावर उभी होती आणि शिक्का कोणाचा या वादातच ती कोसळली. उज्जैनला त्यांच्यापाशी जे होते ते कोणाच्या मान्यतेवर अवलंबून नव्हते: बाजारातली पत, घराण्यातले वडीलपण आणि दानधर्म. पहिल्या काळात त्यांना माणसे दाबून ठेवता येत होती, राखता येत नव्हती. जनकोजीरावांचे प्रकरण हा त्याचा पुरावा. फतेहगडच्या तंबूत दाबण्याचे साधनच उरले नाही, तेव्हा राखण्याची कला शिकावी लागली. हा फरक स्वभाव पालटल्याचा म्हणावा की परिस्थितीने भाग पाडल्याचा, याचा निवाडा करणे व्यर्थ आहे, कारण पन्नाशीनंतर मनुष्य जे शिकतो ते बहुधा दोन्ही मिळूनच होते.

उज्जैनमधील त्यांची सर्वांत ठळक खूण म्हणजे गोपाळ मंदिर. संगमरवरी शिखर, चांदीने मढवलेली दारे आणि गाभाऱ्यात द्वारकाधीश कृष्ण असे हे मराठा घडणीचे देवालय नदीकाठी नसून जुन्या शहराच्या भर बाजारात, छत्री चौकासमोर आहे. तीर्थाला येणारा यात्रेकरू आधी घाटावर आणि महाकालाकडे वळतो. गोपाळ मंदिर पाहतो तो प्रथम दुकानदार. सावकारीत मुरलेल्या बाईंनी देवळासाठी पेठेतली जागा निवडावी, यात नवल नाही. मंदिराच्या चांदीच्या दारांविषयी अशी कथा सांगितली जाते, की ती मूळची सोमनाथची, गझनीला नेलेली आणि महादजींनी परत आणलेली आहेत. या कथेला पुराव्याचा आधार नाही. सोमनाथची म्हणून गझनीहून दारे आणण्याचा गाजलेला उद्योग गव्हर्नर जनरल एलनबरोने १८४२ मध्ये केला होता, आणि ती दारे सोमनाथची नव्हेत हे उघड झाल्यावर आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिली. सोमनाथच्या दारांवर हक्क सांगण्याची हौस त्या काळी एकट्या इंग्रजांनाच होती असे दिसत नाही.

शहराच्या धार्मिक वर्षाशी हे मंदिर पक्के बांधले गेले आहे. कार्तिकातील वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकालाची पालखी येथे येते, हर आणि हरी यांच्या भेटीत बेलाची माळ विष्णूला व तुळशीची माळ शिवाला घातली जाते, आणि चातुर्मासात शिवाकडे असलेला सृष्टीचा कारभार विष्णूकडे परत सोपवला जातो, असे मानतात. श्रावणातील सोमवारी निघणाऱ्या महाकालाच्या सवारीच्या वाटेवरही हे मंदिर येते व तेथे पालखीची पूजा होते. मराठी वाचकाने येथे एक बारकावा टिपून ठेवावा: उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला; उज्जैनची सवारी उत्तरेकडचा श्रावण सुरू झाल्यावर निघू लागते, पण थांबते ती मराठी श्रावण सरल्यावर, म्हणजे उत्तरेकडच्या भाद्रपदातील पहिला पंधरवडा ओलांडून. राज्य गेले, पंचांग राहिले.

पुढे बायजाबाई ग्वाल्हेरला परतल्या. मथुरेला सर्वतोमुख नावाचा, अतोनात खर्चाचा श्रौत याग करण्याचा संकल्प त्यांनी सोडला आणि त्याची वार्ता कोकणापर्यंत पोचली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले ते याच यागासाठी. वाटेत बंडात सापडून त्यांनी जे पाहिले ते चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. एका पदच्युत राणीच्या निमंत्रणावर कर्जबाजारी भिक्षुक शेकडो कोस चालत जातो, यावरून तिची पत कोणत्या थरापर्यंत पोचली होती ते कळते.

१ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीरावांची फौज फिरली व ते आग्र्याकडे निघून गेले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बायजाबाईंनी घराण्यातील स्त्रियांना बरोबर घेऊन नरवरचा किल्ला गाठला. पंचवीस वर्षांपूर्वी याच वाड्यातून पलटणी उलटल्यावर त्या केवळ आपल्या पक्षाच्या लोकांसह बाहेर पडल्या होत्या. या खेपेस जिने त्यांना घालवले त्या गादीचे कुटुंब त्यांच्या मागे होते, आणि ते नेण्यासाठी त्यांना कोणताही हुकूम काढावा लागला नाही. इंग्रजांनी ग्वाल्हेर परत घेतल्यावर जयाजीराव गादीवर आले. बायजाबाई १८६३ मध्ये ग्वाल्हेरला वारल्या.